काकी आहेत ना!

दादरला एका ट्रॅव्हल ऑफिसच्या काउंटरवर माझं उभं आयुष्य गेलं. माझ्या मागच्या भिंतीवर बर्फाचे डोंगर आहेत, निळे समुद्र आहेत, एक वाघसुद्धा आहे. समोर येऊन बसणारा माणूस यातल्या कशाकडेही बघत नाही. बसल्याबसल्या रुमालाने मान पुसतो आणि विचारतो, "जेवण आपलं असेल ना?"

असेल, मी सांगते. टूरबरोबर आपला स्वयंपाकी असतो. मग त्याचा जीव भांड्यात पडतो. कुठे जायचं आणि तिथे बघायचं काय, हे सगळं त्यानंतर. एकदा आम्हाला शिकवायला कोट घातलेला एक माणूस आला होता. प्रवासी निर्णय कसा घेतो, यावर त्याने दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवली. प्रवासी म्हणे स्वप्न विकत घेतो. मला हसू आवरेना. आमचा प्रवासी परदेशातल्या डोंगरावर जाऊन वरण-भात विकत घेतो आणि तो गरम नव्हता म्हणून परत आल्यावर माझ्याशी भांडतो.

आणि निर्णय म्हणाल तर तो कोणीच घेत नाही. नवरा म्हणतो, "हिला विचारा." ही म्हणते, "मला काय, कुठेही चालेल." मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "तुम्ही ठरवा." शेवटी शेजाऱ्यांचा जावई जिथे जाऊन आला, तिथे हे तिघं जातात. "मला काय, कुठेही चालेल" या वाक्याची मला मनस्वी चीड आहे. ते म्हणणारी माणसंच पुढे सगळ्यात जास्त कुरकुरतात. काय हवंय ते तोंडाने सांगायचं नाही, आणि मिळालं नाही की तोंड पाडून बसायचं.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही आमच्या बिल्डिंगच्या सहलीत जे झालं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून खाली उतरलेली नाही.

आम्ही काळाचौकीचे. चाळ पाडली, त्या जागी टॉवर आला. माणसं तीच राहिली, पण गॅलरी गेली आणि लिफ्ट आली. लिफ्टमध्ये काय भेट होणार? कोणीतरी मजल्याचं बटण दाबतं आणि सगळे छताकडे बघत उभे राहतात. म्हणून कमिटीने ठरवलं की वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून सहलीला जायचं. मी म्हटलं, माझ्या ऑफिसमधून सगळं करून देते, स्वयंपाकीही देते. बँकेतून रिटायर झालेले आमचे सेक्रेटरी म्हणाले, "कशाला ताई, आपण आपलं घरच्या घरी करू." घरच्या घरी म्हणजे काय, ते मला पुढे कळलं.

कुठे जायचं ते ठरवायला त्यांच्या हॉलमध्ये मीटिंग भरली. एकेकाला विचारलं गेलं आणि एकेकाने तेच वाक्य म्हटलं. आम्हाला काय, कुठेही चालेल. मी दात-ओठ खात बसले होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून माझी आई म्हणाली, "मला चहाचा मळा बघायचाय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला काहीतरी बघायचंय आणि ती ते सरळ सांगतेय, हे कोणाच्या पचनी पडेना. सेक्रेटरी म्हणाले, "काकी, मळ्यात काय बघायचंय एवढं?" आईला अख्खी बिल्डिंग काकी म्हणते.

"पान हिरवं असतं ना? मग पावडर काळी कशी होते, ते बघायचंय."

सगळे हसले. पण दुसऱ्या कोणीच कुठलंच ठिकाण सांगितलं नव्हतं, त्यामुळे मुन्नार ठरलं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण नंतर सगळे सोयीने विसरले. ती सहल आईची होती. तिने मागितली म्हणून निघाली.

आता तिला हे का बघायचं होतं, तेही सांगते. टॉवरच्या जागी चाळ होती तेव्हा तळमजल्यावर आमची खाणावळ होती. बायका-पोरं गावी ठेवून गिरणीत कामाला आलेली माणसं आमच्याकडे जेवायची, पाळीप्रमाणे. एक पाळी हात धुऊन उठली की दुसरी बसायची. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचा चहा, तिसऱ्या पाळीहून येणाऱ्यांचा चहा, असं चहाचं पातेलं कधी स्टोव्हवरून उतरलंच नाही. संपात गिरण्या बसल्या, त्याबरोबर खाणावळही बसली. मग आईने डबे सुरू केले. पुढे गिरण्यांच्याच जागेवर काचेची ऑफिसं झाली आणि तिचे डबे तिथे जाऊ लागले. आज बिल्डिंगमध्ये ज्यांचे फ्लॅट आहेत त्यांतल्या कित्येकांचे वडील तिच्या पंक्तीला जेवलेत. सेक्रेटरींचेसुद्धा.

आणि सुट्टी? आमच्यात सुट्टी म्हणजे गाव. गणपतीला आणि शिमग्याला जेवणारे गावी जायचे, खाणावळ बंद व्हायची, आणि आईसुद्धा गावी जायची. तिथे चूल तिची वाटच बघत असायची. इथे स्टोव्ह, तिथे चूल, एवढाच काय तो हवापालट. फिरायला जाणं नावाची गोष्ट आमच्या घरात दुसऱ्यांची होती.

सहलीची बॅग भरताना ती मला म्हणाली, "गो, चार दिस माझ्या पानात काय येतला, ता माका आधी ठावक नसतला. मजा ना?" एरवी ती सगळ्यांसारखी बोलते, माझ्याशी मात्र मालवणीत. तिने नवी साडी घेतली नव्हती, पण एक ठेवणीतली इस्त्री करून वेगळ्या पिशवीत घातली. मळ्यात नेसायला.

कोकण रेल्वेने निघालो. गाडी आमच्या बाजूच्या स्टेशनात थांबली तेव्हा एकच गोंधळ उडाला. निम्मा डबा दाराशी. कोणाचा चुलतभाऊ घावणे घेऊन आलेला, कोणाची बहीण सोलकढीची बाटली. निघालो होतो जग बघायला, पण खिडकीतून गावच आत घेत होतो. आई जागची हलली नाही. शेजारीण म्हणाली, "काकी, गाव आलं, बघा तरी." आई म्हणाली, "बघितलंय." आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघत बसली.

रेल्वेतून उतरल्यावर ठरवलेल्या बसने घाट चढलो. मुन्नारचं हॉटेल बाजारात होतं. पहिल्या जेवणाला लाल, जाड भात आला, माशाची आमटी आली, जाळीदार अप्पम आले. पहिला घास घेतला आणि सेक्रेटरींच्या मिसेसनी ताट पुढे ढकललं. "ई, खोबरेल तेल!" मग टेबलामागून टेबल तेच. खोबरेल डोक्याला लावतात, पोटात घालतात का? भात केवढा जाड! अरे, लहानपणी उकड्या तांदळाची पेज पिऊन वाढलात ना? नारळाशिवाय तुमच्या घरात आमटी होत नाही ना? सगळं आठवण करून द्यावंसं वाटत होतं. बाकी कोणी ताटाला हात लावला नाही, आई मात्र जेवत होती. अप्पम उजेडाकडे धरून बघितला. आमटीतला काळा तुकडा बाजूला काढून वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो आपल्या कोकमाचो भाऊस दिसता." वाढणाऱ्या माणसाला हाताने खूण करून अजून मागितलं. त्या सबंध घोळक्यात प्रवासाला आलेली ती एकटीच होती. बाकीचे नुसते काळाचौकीहून उचलून दुसरीकडे ठेवले गेले होते.

दुसऱ्या दिवशी धरण बघून झालं. तिथे सगळ्यांनी फरसाण खाल्लं. संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात सेक्रेटरींनी आईला गाठलं. बरोबर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा होते. त्यांना शुगर आहे.

"काकी, आजोबांनी सकाळपासून धड काही खाल्लं नाही. नुसतं पिठलं-भात टाकता का? फक्त आजच्या दिवस. हॉटेलवाला किचन देतोय."

मी म्हटलं, "आजोबांसाठी साधा भात आणि दही मिळेल. मी सांगते."

"अहो, पण काकींच्या हाताची चव..." झालं. आईला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात झाली. बायका गोळा झाल्या. काकींचं पिठलं, काकींची आमटी, काकींच्या हाताला काय गुण आहे! कौतुकासारखी दुसरी दोरी नाही. माणूस आपणहून गळ्यात घालून घेतो. आणि आईची एक खोड मला माहीत आहे, समोर कोणी अर्धपोटी उठलं की तिला बसवत नाही. मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "सोड गो. उपाशी माणसाक काय सांगू, मी मळो बघूक इलंय म्हणून?"

मी तिच्यामागे किचनमध्ये गेले. पाठोपाठ सेक्रेटरींच्या मिसेस आल्या, हातात पिशवी. त्यांनी पिशवीतून बेसन काढलं. मालवणी मसाल्याची बरणी काढली. मग पोळपाट काढला. मग लाटणं.

मी त्या पोळपाटाकडे बघत राहिले. "वहिनी, सहलीला पोळपाट कोण आणतं?"

त्या अगदी निरागसपणे म्हणाल्या, "अगं, काकी आहेत ना! म्हणून तर आपण कुक घेतला नाही."

म्हणजे हे मुंबईतच ठरलं होतं. खोबरेल तेलाच्या पहिल्या घासाआधी, तिकिटं काढायच्याही आधी. सगळ्यांना माहीत होतं, फक्त जिला करायचं होतं तिला विचारलं नव्हतं. आईनेही हे ऐकलं. मग तिने पदर खोचला आणि कांदे मागितले. मला तिचाही राग आला. का नाही तिने तो पोळपाट आपटला? खाणावळीत दारू पिऊन आलेल्या माणसाला बखोट धरून बाहेर काढणारी बाई ही!

पिठलं-भातावर सगळे तुटून पडले. परमुलखात घरचं जेवण म्हणून फोटो काढले, मुलाबाळांना पाठवले. त्या फोटोंत पातेलं आहे, आई नाही.

तिसरा दिवस मळ्याचा. मळा बघायचा, मग तिथल्या फॅक्टरीत पानाची पावडर कशी होते ते बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. फक्त आजच्या दिवस म्हणणाऱ्यांनी आदल्या रात्री जेवून हात पुसतानाच सांगून ठेवलं होतं: सकाळी पोहे आणि दुपारसाठी पोळी-भाजी बांधून. तिकडे आपलं काही मिळणार नाही. आई उजाडायच्या आधीपासून किचनमध्ये होती. मी पोळ्या भाजल्या, तिने लाटल्या. शेवटी तिने हात धुतले आणि म्हणाली, "आंघोळ करून साडी बदलतंय, इलंय."

मी खाली बसपाशी गेले. डबे आधीच चढले होते. माणसं चढली होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती.

"थांबा," मी म्हटलं. "आई आंघोळ करून येतेय."

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. "ऊन वर आलं की फोटो येत नाहीत म्हणे. असं करू, आपण पुढे होऊ आणि गाडी मागे पाठवू. काय म्हणता? बहुमताने ठरवू."

बहुमताने! मला वाटलं माझे कान वाजतायत. ज्या माणसांना कुठेही चालत होतं, ज्यांना मुन्नार कुठल्या राज्यात आहे ते तिकीट बघून कळलं होतं, त्यांनी हात वर केले. एकेक हात वर गेला. तिच्या पोळीला तूप लावून खाणारे हात. मी ओरडले. लाज कशी वाटत नाही, मळा तिने मागितला होता, असं सगळं ओरडले. बाजारातले लोक वळून बघायला लागले. आजोबा खिडकीतून दुसरीकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, "ताईंचा स्वभावच तापट आहे." मी बाजूला झाले आणि गाडी गेली.

ती माणसं वाईट नाहीत. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला हीच माणसं होती. वाईट असती तर मी एव्हाना विसरले असते.

आई साडी नेसून, केस विंचरून खाली आली. तिने रिकामा रस्ता बघितला. आम्ही हॉटेलच्या पायरीवर बसलो. गाडी मागे आली नाही. फोन लावला तर सेक्रेटरी म्हणाले, रस्ता अरुंद आहे, ड्रायव्हर तयार नाही, तुम्ही रिक्षा करून या ना. मी रिक्षा आणली. आई कठड्याला धरून उठली आणि कळ येऊन तशीच खाली बसली. किचनच्या गार लादीवर इतका वेळ उभी राहिलेली. गुडघा टम्म सुजला होता. तिने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. मग रिक्षावाल्याला हाताने जा म्हणाली.

"चल गो वर," ती म्हणाली. "ही साडी तरी मळूक नको."

संध्याकाळी सगळे आले, उन्हाने लाल झालेले, खूश. पोळ्या दुपारीसुद्धा काय मऊ होत्या म्हणून सांगायला लागले. सेक्रेटरींच्या मिसेसनी आईच्या हातात चहापत्तीचं एक पाकीट ठेवलं. "काकी, तुमच्यासाठी खास. मळ्यातला." मला ते पाकीट खिडकीबाहेर भिरकवायचं होतं. आईने ते घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि बॅगेत ठेवलं. मी विचारलं, "फॅक्टरीत काय बघितलंत? पान काळं कसं होतं?" एक जण म्हणाला, आत भयंकर वास होता, म्हणून आम्ही बाहेर शॉपिंगच केलं.

घरी आल्यावर ते पाकीट फळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. आमच्याकडे रोजचा चहा लालबागच्या दुकानातून येतो, तोच येत राहिला. आईचा गुडघा काही पूर्वीसारखा झाला नाही. मी बिल्डिंगमध्ये कोणाशी धड बोलत नव्हते. लोकांनी तेही माझ्या तापटपणाच्या खाती टाकलं.

या वर्षी पुन्हा मीटिंग ठरली, आणि काकींना त्रास नको म्हणून आमच्याच घरी. सगळे सोफ्यावर, सतरंजीवर दाटीवाटीने बसले. कुठे जायचं? आम्हाला काय, कुठेही चालेल. कोणाच्या तरी भावाने हिमाचल केलं होतं, म्हणून हिमाचल ठरत आलं. सेक्रेटरी म्हणाले, "तिकडे राजमा आणि रोट्या. पण आपल्याला टेन्शन नाही. काकी आहेत ना!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"मी येत नाही," ती म्हणाली.

कोणीतरी का म्हणून विचारेल, गुडघ्याचं विचारेल, असं मला वाटलं. अजूनही वाटायचं, म्हणजे मीच मूर्ख. सेक्रेटरी म्हणाले, "अहो काकी! मग जेवणाचं काय?"

मग बराच वेळ चर्चा झाली, जेवणाचं काय यावर. माझ्या ऑफिसचा स्वयंपाकी आता सगळ्यांना आठवला. शेवटी दमून कोणीतरी म्हणालं, "काकी, फक्कड चहा टाका, मग ठरवू."

आई उठली. भिंतीला हात लावत किचनमध्ये गेली, फळीवरचं पाकीट काढून आणलं आणि टीपॉयवर, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"हा तुमचा मळ्यातला चहा," ती म्हणाली. "मळा तुम्ही बघितलात. आता चहा पण तुम्हीच करा. मी आज पिणार."

आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. आधी सगळे हसले. ती हसली नाही, तेव्हा हळूहळू थांबले. सेक्रेटरींच्या मिसेस उठल्या, पाकीट घेऊन आत गेल्या. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. "काकी, साखर कुठे आहे?" त्यांनी ओरडून विचारलं. आईने उत्तर दिलं नाही. साखर कुठे आहे ते मला माहीत होतं. मीही गप्प बसले.

बऱ्याच वेळाने चहा आला. रंग आला नव्हता, आलं नको तेवढं झालं होतं, दूध उतू जाऊन कपांच्या बुडाला चिकटलं होतं. सगळ्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवले. आईने मात्र सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि रिकामा कप पुढे करून विचारलं, "अजून आहे का?"